मोठे उद्योग आणि मुक्तस्रोत आज्ञावली : मूल्य, मालकी व देखभाल (१९५५–२०२५)

मुक्तस्रोत आज्ञावलीचा, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरचा, इतिहास सांगताना त्याचा आरंभ १९८३ पासून करण्याची प्रथा रूढ झाली आहे. त्या वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लोकांपुढे ठेवला. आणि पुढे मोठमोठ्या उद्योगसंस्थांनी स्वयंसेवकांचे हे कार्य हळूहळू आपलेसे केले, असा हा कथाभाग सर्वपरिचित आहे. या मांडणीत व्यक्तींना व त्यांच्या ध्येयवादाला योग्य ते स्थान मिळते. परंतु उद्योगसंस्था मात्र शेवटच्या अंकात रंगभूमीवर येणाऱ्या पात्रांसारख्या दिसतात. वस्तुस्थिती तशी नाही. मोठे उद्योग या इतिहासात पहिल्या अंकापासूनच उपस्थित आहेत.

विवेचनाच्या सोयीसाठी दोन संज्ञांचा अर्थ प्रथम निश्चित करणे इष्ट होईल. मूळ संहिता म्हणजे आज्ञावलीचे माणसाला वाचता येणारे व दुरुस्त करता येणारे रूप. यंत्रसंहिता म्हणजे तिचे केवळ यंत्राने चालवावयाचे रूप. पहिली ज्याच्या हाती आहे तो ग्राहक आज्ञावली तपासू शकतो, तिच्यातील दोष काढू शकतो, आपल्या गरजेप्रमाणे तिच्यात फेरफारही करू शकतो. ज्याच्या हाती केवळ दुसरी आहे तो ती फक्त वापरू शकतो.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य असे की, मूळ संहिता खुली असावी की बंद, याचा निर्णय मोठ्या उद्योगांनी प्रत्येक कालखंडात आपले उत्पन्न कशातून येते हे पाहून केला. जिच्यावर मूल्य आकारले जात नव्हते ती वस्तू खुली राहिली. मूल्य जिकडे सरकले तिकडे कुंपण पडले. या सर्व स्थित्यंतरांत एक गोष्ट मात्र दीर्घकाळ कोणाच्याच हिशेबात आली नाही. ती म्हणजे देखभाल. मोठ्या उद्योगांतील मुक्तस्रोताचे भवितव्य या हिशेबाशी निगडित आहे.

१. यंत्राचे मोल आणि विनामूल्य आज्ञावली

१९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मोठ्या संस्था संगणक बहुधा भाड्याने घेत असत. यंत्राबरोबर येणाऱ्या आज्ञावली अत्यंत तुटपुंज्या असत. गणितातील नित्याची फले काढणे, आकडे क्रमाने लावणे, माहिती आत घेणे व बाहेर छापणे, यांसारख्या प्राथमिक कामांसाठीही प्रत्येक संस्थेला आपल्या माणसांकडून संहिता लिहवून घ्यावी लागे. यंत्र बदलले की हे सर्व श्रम पुन्हा आरंभापासून करावे लागत.

आय.बी.एम. कंपनीचे ७०४ हे यंत्र येऊ घातले, तेव्हा लॉस एंजेलिसच्या परिसरातील ग्राहकसंस्थांनी १९५५ मध्ये एकत्र येऊन ‘शेअर’ नावाचा संघ स्थापन केला. लॉकहीड, नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन यांसारख्या विमाने बांधणाऱ्या कंपन्या आणि रँड ही संशोधनसंस्था त्यात अग्रभागी होत्या. या कंपन्या सरकारी कंत्राटांसाठी एकमेकींशी स्पर्धा करीत. तरीही एकीने लिहिलेली संहिता दुसरीला देण्यात त्यांना संकोच वाटला नाही. याचे कारण उघड आहे. त्यांचे उत्पन्न विमानांतून येत होते. आकडे क्रमाने लावण्याची रीत गुप्त ठेवून कोणाचेही विमान अधिक वेगाने उडणार नव्हते. आय.बी.एम.च्या दृष्टीनेही हे सहकार्य लाभाचेच होते. कारण आज्ञावली जितक्या अधिक, तितकी तिच्या यंत्रांना मागणी अधिक. पुढे या संघाने ७०९ या यंत्रासाठी स्वतःची परिचालन-प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, रचण्यापर्यंत मजल मारली.

या कालखंडातील एक वैशिष्ट्य पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवले पाहिजे. ‘शेअर’चा सभासद हा संहितेचा वापर करणाराही होता आणि ती लिहिणाराही होता. संहितेतील दोष सापडला तर तो काढण्याइतके ज्ञान व मनुष्यबळ त्याच्या पदरी होते. देखभाल हा वेगळा प्रश्न म्हणून उभाच राहिला नाही, कारण ती वापरातच सामावलेली होती.

२. वेगळे मूल्य आणि बंद संहिता

ही व्यवस्था आदर्श होती असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. यंत्राबरोबर आज्ञावली विनामूल्य मिळत असल्याने केवळ आज्ञावली लिहून विकणाऱ्या स्वतंत्र व्यवसायाला वाव राहत नसे. अप्लाइड डेटा रिसर्च या कंपनीने नेमके हेच गाऱ्हाणे मांडले. बलाढ्य प्रतिस्पर्धी जी वस्तू किंमत न घेता देतो, ती दुसऱ्याने कोणत्या दराने विकावी, असा तिचा प्रश्न होता. विनामूल्य वाटप हे सहकार्याचे साधन होऊ शकते तसेच मक्तेदारीचेही होऊ शकते, हा या प्रकरणाचा बोध आजही विसरण्याजोगा नाही.

१७ जानेवारी १९६९ रोजी अमेरिकी सरकारच्या न्यायखात्याने आय.बी.एम.वर मक्तेदारीविरोधी खटला दाखल केला. त्याच वर्षी २३ जून रोजी कंपनीने यंत्र, आज्ञावली, प्रशिक्षण व सेवा यांची किंमत वेगवेगळी आकारण्याचे जाहीर केले. परिचालन-प्रणालीवर आरंभी वेगळे मूल्य बसविण्यात आले नाही; तरीही आज्ञावली ही स्वतंत्रपणे विकावयाची वस्तू आहे, हे तत्त्व या निर्णयाने प्रस्थापित झाले. १९८० मध्ये अमेरिकेच्या प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन संगणकीय आज्ञावलींना मिळणारे संरक्षण निःसंदिग्ध झाले. मूल्य यंत्राकडून आज्ञावलीकडे सरकले, आणि त्यामागोमाग कुंपणही सरकले.

१९८३ मध्ये आय.बी.एम.ने यापुढे केवळ यंत्रसंहिता देण्याचे धोरण जाहीर केले. ज्या ग्राहकांनी वर्षानुवर्षे मूळ संहितेत फेरफार करून आपली यंत्रे चालविली होती, त्यांनी ‘शेअर’च्या व्यासपीठावरून या धोरणास तीव्र विरोध केला. त्यांचे म्हणणे तत्त्वचर्चेचे नव्हते. यंत्र मध्यरात्री बंद पडले तर कारण शोधावयाचे कोठे, एवढाच त्यांचा व्यवहारी सवाल होता. कंपनीने धोरण बदलले नाही. स्टॉलमन यांची ग्नू प्रकल्पाची घोषणाही १९८३ चीच, २७ सप्टेंबरची. एका बाजूस विद्यापीठीय प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ आणि दुसऱ्या बाजूस मोठ्या कंपन्यांचे यंत्रचालक, यांची गाऱ्हाणी एकाच वर्षात उमटली. दोघांचा परस्परसंबंध नव्हता. परंतु दोहोंच्या मुळाशी असलेली हानी एकच होती.

३. परवान्याची युक्ती आणि सेवेचा व्यापार

स्टॉलमन यांचे ऐतिहासिक महत्त्व त्यांच्या तत्त्वज्ञानाइतकेच एका विधिविषयक रचनेत आहे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्नू सार्वजनिक परवान्याने प्रताधिकार सोडून दिला नाही, तर त्याचाच उपयोग करून घेतला. संहिता कोणीही वापरावी, बदलावी व वितरित करावी. मात्र वितरण करणाराने पुढच्यास मूळ संहिता व तेच अधिकार दिले पाहिजेत, अशी अट त्यात होती. कुंपणाच्याच काठ्या वापरून वाट मोकळी ठेवण्याची ही युक्ती होती. येथे विक्रीस मनाई नव्हती, ही गोष्ट उद्योगांच्या दृष्टीने निर्णायक ठरली. टॉरवाल्ड्स यांनी लिनक्ससाठी योजलेल्या पहिल्या परवान्यात वितरणासाठी पैसे घेण्यास प्रतिबंध होता. १९९२ मध्ये त्यांनी ग्नू परवाना स्वीकारला आणि व्यापाराचे द्वार उघडले.

संहिता विनामूल्य असताना व्यापार कशाचा करावयाचा, या प्रश्नाचे पहिले समर्पक उत्तर १९८९ मध्ये स्थापन झालेल्या सिग्नस या कंपनीने दिले. ग्नूची साधने विनामूल्य होती. ती ग्राहकाच्या यंत्रावर नीट चालती ठेवण्याचे मोल सिग्नस घेत असे. १९९९ मध्ये रेड हॅट या कंपनीने सिग्नस विकत घेतली. त्याच वर्षी रेड हॅटचे भाग बाजारात आले. २००२ पासून तिने मोठ्या उद्योगांसाठी लिनक्सची निराळी आवृत्ती वार्षिक वर्गणीच्या पद्धतीने देण्यास सुरुवात केली. वर्गणीदाराला मिळत असे ते पुष्कळ वर्षे न बदलण्याचे आश्वासन, दोषनिवारण, आणि अडचणीच्या वेळी उत्तर देणारा जबाबदार पक्ष. बँका, विमा कंपन्या व दूरध्वनी कंपन्यांना संहितेपेक्षा या आश्वासनाचीच अधिक आवश्यकता होती. २०१२ अखेरच्या आर्थिक वर्षात रेड हॅटचे वार्षिक उत्पन्न १ अब्ज डॉलरच्या पुढे गेले.

दरम्यान १९९८ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता खुली करण्याचा निर्णय जानेवारीत जाहीर केला, आणि फेब्रुवारीत क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचविलेली ‘मुक्तस्रोत’ या अर्थाची नवी संज्ञा रूढ झाली. स्वातंत्र्याची भाषा मागे पडून व्यवहाराची भाषा पुढे आली. त्याच वर्षी आय.बी.एम.ने अपाची हा मुक्तस्रोत सर्व्हर आपल्या उत्पादनांचा भाग म्हणून स्वीकारला, आणि २००० च्या अखेरीस लू गर्स्टनर यांनी पुढील वर्षी लिनक्सवर १ अब्ज डॉलर खर्च करण्याची घोषणा केली. १९८३ मध्ये संहिता बंद करणारी आणि २००० मध्ये मुक्तस्रोताची पाठराखण करणारी कंपनी एकच होती. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. मधल्या काळात तिचे उत्पन्न सेवा-व्यवसायाकडे वळले होते. तिच्याच यंत्रांच्या निरनिराळ्या कुळांवर परस्परांशी न जुळणाऱ्या प्रणाली चालत होत्या, आणि सन व मायक्रोसॉफ्ट या प्रतिस्पर्ध्यांशी तिचा सामना होता. सर्व यंत्रांवर चालणारा आणि कोणाही प्रतिस्पर्ध्याच्या मालकीचा नसलेला समान पाया तिला हवा होता.

विरोधही झाला. मार्च २००३ मध्ये एस.सी.ओ. या कंपनीने आय.बी.एम.वर लिनक्ससंबंधी दावा लावला. त्याचा अंतिम निकाल तडजोडीने लागण्यास २०२१ साल उजाडावे लागले. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००१ मध्ये लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली होती. तीच मायक्रोसॉफ्ट २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली, आणि २०१८ मध्ये तिने गिटहब ही संहितांच्या देवघेवीची सर्वांत मोठी पेढी साडेसात अब्ज डॉलरना विकत घेतली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील अग्रगण्य ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालू लागले. मोठ्या उद्योगांनी मुक्तस्रोत स्वीकारावा की नाही, हा वाद येथे संपला.

४. भाड्याचे संगणन आणि नवी कुंपणे

परंतु वाद संपला त्याच सुमारास मूल्य पुन्हा सरकू लागले होते. २००६ पासून अॅमेझॉनने संगणनशक्ती व साठवण भाड्याने देण्यास आरंभ केला. क्लाउड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत ग्राहक आज्ञावली घेत नाही, तिचा केवळ उपयोग घेतो. ग्नू परवान्याची अट वितरणाला लागू होते. आपल्याच यंत्रावर आज्ञावली चालवून तिची सेवा विकणे हे त्या अर्थाने वितरण नव्हे. फलतः मुक्तस्रोत आज्ञावली लिहिणाऱ्या मध्यम कंपन्यांना असे दिसू लागले की, लेखनाचा भार आपण वाहतो आणि भाड्याचे उत्पन्न मात्र अफाट भांडवलाच्या कंपन्या घेतात.

यातून परवाने बदलण्याची लाट आली. मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये, हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये आणि रेडिसने २०२४ मध्ये आपले परवाने संकुचित केले. प्रत्युत्तरादाखल अखेरच्या खुल्या आवृत्तीपासून स्वतंत्र शाखा निघाल्या. इलॅस्टिकसर्चपासून ओपनसर्च, टेराफॉर्मपासून ओपनटोफू, रेडिसपासून वाल्की ही त्यांची उदाहरणे होत. पुढे इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये मान्यताप्राप्त मुक्त परवान्याचा पर्याय पुन्हा उपलब्ध करून दिला. परंतु तोवर ग्राहकांचा मोठा वर्ग विभागला गेला होता.

रेड हॅटचा इतिहासही याच दिशेने गेला. आय.बी.एम.ने २०१९ मध्ये ही कंपनी ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. रेड हॅटच्या खुल्या संहितेवरून तयार होणारी व वर्गणीवाचून मिळणारी सेंटओएस ही प्रणाली अनेक संस्था वापरीत. तिचे पूर्वीचे स्वरूप बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. जून २०२३ मध्ये उद्योगांसाठीच्या आवृत्तीची नेमकी मूळ संहिता सर्वांसाठी प्रसिद्ध करणे थांबवून ती ग्राहकांपुरती ठेवण्यात आली. परवान्याच्या शब्दांचा यात भंग झाला नाही, असा कंपनीचा पक्ष आहे. परवान्याच्या हेतूचा झाला, असा टीकाकारांचा पक्ष आहे.

या प्रकरणांची तुलना केली असता एक सूत्र हाती येते. जेथे संहितेचा प्रताधिकार एकाच कंपनीकडे एकवटलेला होता, तेथे ती कंपनी एका दिवसात परवाना बदलू शकली. लिनक्सच्या गाभ्याचा प्रताधिकार हजारो लेखकांमध्ये विभागलेला आहे. त्या सर्वांची संमती मिळविणे व्यवहारतः अशक्य असल्याने त्याचा परवाना स्थिर राहिला. म्हणून एखादी आज्ञावली स्वीकारताना आज तिचा परवाना कोणता आहे, एवढेच पाहून मोठ्या उद्योगाचे भागत नाही. तो परवाना उद्या बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हेही पाहावे लागते.

५. हिशेबात न आलेली देखभाल

मूल्य यंत्रावरून आज्ञावलीवर, तेथून सेवेवर आणि पुढे भाड्यावर गेले. प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी त्याचा धनी होता. तथापि मोठ्या आज्ञावलीच्या तळाशी शेकडो लहान घटक असतात. ते विकले जात नाहीत, भाड्याने दिले जात नाहीत, आणि म्हणून त्यांचा कोणी धनीही नसतो. १९५५ मध्ये ही कामे वापरणाऱ्या संस्थांचीच माणसे करीत. नंतरच्या काळात ती थोड्याशा स्वयंसेवकांकडे आली, आणि वापरणाऱ्यांना त्यांची नावेही ठाऊक राहिली नाहीत.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या घटकातील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. जगभरच्या आर्थिक व्यवहारांची गुप्तता ज्यावर विसंबून होती, त्या प्रकल्पाला तोवर वर्षाकाठी सुमारे २००० डॉलर एवढीच देणगी मिळत असे. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या मार्फत निधी उभारला. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या घटकात गंभीर दोष सापडला. तो घटक आपल्या कोणकोणत्या आज्ञावलींत आहे, हे शोधण्यातच अनेक मोठ्या संस्थांचे दिवस गेले. दोष दुरुस्त करणारे मात्र स्वयंसेवकच होते.

मार्च २०२४ चे प्रकरण याहून गंभीर होते. माहिती आवळून ठेवणाऱ्या एक्सझेड या घटकाची देखभाल बव्हंशी एकाच थकलेल्या स्वयंसेवकावर होती. बनावट वाटणाऱ्या नावाने वावरणाऱ्या एका सहकाऱ्याने सुमारे दोन वर्षे खरेखुरे काम करून विश्वास संपादन केला, आणि मग संहितेत चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला, त्याने त्याचा माग काढला, आणि २९ मार्च रोजी हा कट उघड झाला. संहिता खुली होती म्हणून माग काढता आला, हे खरे. परंतु तेथवर शिरकाव झाला तो देखभाल करणारा एकाकी होता म्हणून, हेही तितकेच खरे. मुक्तस्रोताचे सामर्थ्य आणि त्याची दुर्बलता यांचे एकत्रित दर्शन घडविणारा दुसरा इतका स्पष्ट पुरावा उपलब्ध नाही.

६. भारतीय संदर्भ

देखभालीचा प्रश्न भारताला अपरिचित नाही. परकीय चलन नियमन कायद्याच्या अटी मान्य न झाल्याने आय.बी.एम.ने १९७८ मध्ये भारतातील कारभार आटोपला, तेव्हा तिच्या यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी सी.एम.सी. या सरकारी कंपनीने उचलली. विकणारा निघून गेला तरी यंत्रे चालती ठेवावी लागतात, हा धडा येथील उद्योगांनी त्या वेळीच घेतला होता.

राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २८ मे २००३ रोजी पुण्यातील माहिती तंत्रज्ञान संस्थेत केलेल्या भाषणात मुक्तस्रोताचा जाहीर पुरस्कार केला. पुढे रेड हॅटचे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात उभे राहिले. या कंपनीने २००४ मध्ये खुल्या केलेल्या ‘लोहित’ या भारतीय लिप्यांच्या अक्षरसंचामुळे लिनक्सवर मराठी मजकूर वाचणे व लिहिणे सुकर झाले. मुंबईतील फ्रॅपे या कंपनीने घडविलेली ईआरपीनेक्स्ट ही व्यवसाय-व्यवस्थापनाची प्रणाली मुक्त परवान्याखाली आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्तस्रोताला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. या सर्वांत वापराचा आग्रह ठळक दिसतो. पोषणाचा विचार उशिरा आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळूरच्या झेरोधा या दलाली-पेढीने मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी घोषित केला, ही म्हणूनच नोंद घेण्याजोगी घटना होय.

७. उपसंहार

भवितव्याविषयी इतिहासाने भाकीत करू नये. परंतु कोणत्या प्रश्नावर निर्णय होणार आहे, एवढे त्याला सांगता येते. युरोपीय संघाचा सायबर-सुरक्षाविषयक अधिनियम डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्यातील प्रमुख बंधने मूळ तरतुदीनुसार ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाची आहेत. आपल्या उत्पादनात दुसऱ्याने लिहिलेले मुक्तस्रोत घटक वापरणाऱ्या उत्पादकावर त्या घटकांविषयीही सावधगिरीची जबाबदारी तो अधिनियम टाकतो, आणि मुक्तस्रोताचा सांभाळ करणाऱ्या संस्थांचा निराळा वर्ग मानून त्यांच्यावर हलकी बंधने घालतो. देखभालीला कायद्याच्या हिशेबवहीत स्थान देण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात हाच वाद नव्या रूपाने उभा आहे. काही कंपन्यांनी आपली प्रारूपे ‘खुली’ म्हणून प्रसिद्ध केली. परंतु ज्या सामग्रीवर ती घडली ती बहुधा झाकलेलीच राहिली. खुलेपणाची व्याख्या करण्याचा प्रयत्न ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला, आणि तोही वादातीत ठरला नाही. मूल्य कोठे आकारले जाते, हा जुनाच प्रश्न येथेही विचारला तर खुले काय व झाकलेले काय, याचा उलगडा बराचसा होतो.

सारांश, मोठ्या उद्योगांनी मुक्तस्रोत स्वीकारला यात आता संशय उरलेला नाही, आणि केवळ परवान्याच्या शुद्धतेवर त्याचे भवितव्य अवलंबून आहे असेही दिसत नाही. १९५५ चा सभासद जे वापरी ते स्वतः लिही व दुरुस्त करी. सत्तर वर्षांनंतरचा उद्योग त्याहून कितीतरी अधिक वापरतो, आणि जे वापरतो त्यातील बहुतेक भाग कोण सांभाळतो हे त्याला सांगता येत नाही. वापर आणि सांभाळ यांमधील हे अंतर माणसे देऊन किंवा द्रव्य देऊन भरून काढले गेले, तर खुली संहिता टिकेल. ते भरले गेले नाही, तर संहिता परवान्याने खुली राहील आणि तिच्याकडे पाहणारा मात्र कोणी उरणार नाही.